वाळवंटातला हिवाळा आणि दोघांचं चाकांवरचं घर

पाण्याचा पंप भरल्या टाकीवर घुमतो आणि टाकी संपत आली की कोरडा खोकतो. तो खोकला मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पहाटेचे सहा वाजले होते, बाहेर तीन अंश तापमान होतं, माझ्या तोंडात टूथपेस्टचा फेस होता आणि सर्वांत जवळचा नळ कित्येक मैलांवर होता. टाकी भरायची नवऱ्याने आणि किती उरलंय ते बघायचं मी, असं आमचं ठरलं होतं. म्हणजे खरं तर दोघांपैकी कुणीच बघत नव्हतं.

त्याला आता पाच हिवाळे झाले. नोकऱ्या संपल्यावर मिशिगनमधलं घर भाड्याने देऊन आम्ही आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला लागलो. उन्हाळ्यात उत्तरेकडे डोंगरात आणि हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाच्या क्वार्ट्‌झसाइट गावाबाहेरच्या वाळवंटात. अमेरिकेत आलेली आमच्या पिढीची मराठी मंडळी आता एकेक करून निवृत्त होतायत, आणि फोनवर सगळ्यांचे प्रश्न तेच असतात: गाडी कुठली, पाण्याचं काय, आजारी पडलात तर? म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. हे वीज-पाण्याची जोडणी असलेल्या पार्कबद्दल नाही. तिथे राहायला वेगळं काही शिकावं लागत नाही. हे उघड्या वाळवंटात, आपल्या टाकीवर आणि आपल्या बॅटरीवर राहण्याबद्दल आहे.

घर मोडण्याआधी

घर विकून मोकळं होण्याची घाई करू नका. आधी भाड्याची गाडी घेऊन तीन-चार आठवडे राहून बघा, तेही जोडणी न घेता. माझा नवरा गिरगावच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा भावंडांबरोबर वाढला. त्याला जागेचं काहीच वाटलं नाही. मला जड गेली ती दुसरीच गोष्ट: भांडण झाल्यावर आपटायला दार नाही. यावर आमचा तोडगा म्हणजे बाहेरच्या दोन खुर्च्या, एक पूर्वेला तोंड करून, एक पश्चिमेला. तुमचा तोडगा तुम्हाला त्या चार आठवड्यांत सापडायला हवा. नाही सापडला तर दर वर्षी महिनाभर फिरा आणि घरी या, त्यात कमीपणा काही नाही.

गाडी

आरव्हीचे ढोबळ दोन प्रकार. एक, जिचं इंजिन तिच्यातच असतं ती: बसएवढी क्लास ए, व्हॅनएवढी क्लास बी, मधली क्लास सी. दुसरा, ट्रकने ओढत न्यायचा ट्रेलर किंवा फिफ्थ व्हील, म्हणजे ज्याचा जोड पिकअपच्या हौद्यात बसतो तो मोठा ट्रेलर. एकाच जागी चार-पाच महिने राहायचं असेल तर माझं मत ट्रेलरला. घर जागेवर राहतं आणि पिकअप घेऊन गावात जाता येतं. इंजिनवाली गाडी घेतलीत तर किराण्याला जायलाही अख्खं घर आवरावं लागतं, नाहीतर मागे छोटी मोटार ओढावी लागते. आमचा ट्रेलर पंचवीस फुटी आहे आणि दोघांना पुरतो.

विक्रेता तुम्हाला टीव्ही आणि दिव्यांच्या माळा दाखवेल. तुम्ही पलंग बघा. त्याच्या दोन्ही बाजूंनी उतरता यायला हवं. पासष्टीनंतर रात्रीतून दोनदा उठावं लागतं आणि दर वेळी जोडीदाराच्या अंगावरून जायचं म्हणजे दोघांचीही झोप गेली. मग दाराच्या पायऱ्या बघा, धरायला भक्कम दांडा आहे का ते बघा आणि ओट्यावर पोळपाट मावतो का तेही बघा. पोळपाट बरोबर घेऊनच जा. मी नेला होता.

वजनाकडे मात्र अजिबात दुर्लक्ष नको. दाराच्या आतल्या स्टिकरवर किती माल चालेल ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडा वाटतो त्यापेक्षा लवकर संपतो. पन्नास गॅलन पाणी म्हणजेच १९० किलो झाले. त्यावर बॅटऱ्या, अवजारं, कुकर, डाळ-तांदूळ. सगळं भरून झालं की ट्रक थांबतात तिथल्या वजनकाट्यावर गाडी घाला. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. त्याहून कमी आला तर हमरस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही ताजी दिसली तरी सहा-सात वर्षं झालेला टायर वाळवंटाच्या रस्त्यावर नेऊ नका.

पत्ता, विमा, मेडिकेअर

हा कंटाळवाणा भाग आहे, पण घर सोडण्याआधीच उरकायचा. कायमचा पत्ता कुठल्या तरी राज्यात लागतोच. लायसन्स, गाडीची नोंदणी, कर, मतदान, सगळं त्यावर चालतं. पूर्णवेळ फिरणाऱ्यांमध्ये साउथ डकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडा ही राज्यं लोकप्रिय आहेत, कारण तिथे टपाल सांभाळून पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत आणि राज्याचा प्राप्तिकर नाही. आमचं मिशिगनचं घर असल्यामुळे आम्ही पत्ता बदलला नाही. गाडीचा विमा घेताना मात्र ‘आम्ही यातच राहतो’ हे स्पष्ट सांगा. सुट्टीपुरत्या वापराचा विमा पूर्णवेळ राहणाऱ्याला चालत नाही.

मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, त्याची निवड सगळ्यात महत्त्वाची. मूळ मेडिकेअर देशभर, ते स्वीकारणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे चालतं. खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजच्या बऱ्याच योजना आपल्या भागातल्या ठरावीक डॉक्टरांपुरत्या असतात. घराजवळ त्या स्वस्त पडतात, पण दोन हजार मैलांवर साध्या तपासणीलाही अडचण होते. आम्ही मूळ मेडिकेअर आणि त्याला जोड म्हणून मेडिगॅप हा खासगी पूरक विमा घेतला. एकदा अ‍ॅडव्हांटेजमध्ये गेलात की नंतर मेडिगॅप मिळणं अनेक राज्यांत अवघड होतं, तेव्हा हा निर्णय पासष्टीलाच नीट घ्या. आणि पुण्याला जाताना वेगळा विमा काढायला विसरू नका, कारण भारतातल्या उपचारांचे पैसे मेडिकेअर देत नाही.

जागा

क्वार्ट्‌झसाइट हे कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून वीसेक मैलांवरचं, आय-१० हमरस्त्यावरचं अडीच हजार वस्तीचं गाव. जानेवारीत आरव्हीचं मोठं प्रदर्शन आणि दगड-खनिजांचे बाजार भरतात तेव्हा ते हजारो गाड्यांनी फुगतं. गावाच्या दक्षिणेला, ९५ क्रमांकाच्या रस्त्यालगत, ला पोसा नावाचा अकरा हजार एकरांहून मोठा सरकारी माळ आहे. केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटने, म्हणजे बीएलएमने, १९८३ साली असे काही माळ हिवाळी पाहुण्यांसाठी राखले. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा त्याचा हंगाम. आम्ही गेलो तेव्हा अख्ख्या हंगामाचा परवाना १८० डॉलरला आणि चौदा दिवसांचा ४० डॉलरला होता. निघण्यापूर्वी चालू दर बघून घ्या. तेवढ्यात कचराकुंडी, पाण्याचा नळ आणि मैला सोडायचं डम्प स्टेशन मिळतं. वीज नाही आणि आखलेली जागाही नाही. आवडेल तिथे थांबायचं.

पैसे द्यायचे नसतील तर गावाच्या आसपास फुकट मुक्कामाचे माळही आहेत. पण तिथे अठ्ठावीस दिवसांत चौदाच दिवस राहता येतं, मग पंचवीस मैल दूर जावं लागतं. तरुणांना ते ठीक आहे. आमच्या वयात दर पंधरा दिवसांनी घर उचलण्यापेक्षा परवाना परवडला.

हवामान कसं असतं? जानेवारीत दिवसा १८-२० अंश, रात्री चार-पाच. काही रात्री पारा शून्याला टेकतो. पाऊस कमी, पण आला तर एकदम येतो.

गाडी उभी करताना

पोहोचल्याबरोबर जॅक खाली टाकू नका. आधी दोघांनी उतरून जागा पायी फिरा. वाळूचा कोरडा ओढा दिसला, त्याला इथे ‘वॉश’ म्हणतात, तर त्यात कधीही मुक्काम नको. भोवती झाडं असतात, वाऱ्याचा आडोसा असतो आणि नवखी माणसं नेमकी तिथेच मोहात पडतात. पाऊस डोंगरात दूर पडतो आणि लोंढा तुमच्या दारात येतो. आपल्याला हवा तो काळपट बारीक खड्यांचा सपाट माळ.

मग दिशा. गाडीचं तोंड पूर्वेला ठेवलं की दाराची आणि गुंडाळायच्या कापडी छपरीची बाजू दक्षिणेला येते. हिवाळ्याचं ऊन दिवसभर खिडक्यांतून आत येतं, आणि उत्तरेचा बोचरा वारा दाराच्या विरुद्ध बाजूला आपटतो. सकाळी दहा वाजता आमच्या दारात अंगण सारवून वाळवण घालावं असं ऊन असतं. मी एकदा खरोखरच कोथिंबीर वाळवली. छपरी मात्र रात्री आणि बाहेर जाताना गुंडाळायचीच. वाळवंटातला वारा सांगून येत नाही. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांची छपरी मुळासकट उपटून गाडीच्या डोक्यावरून पलीकडे गेलेली आम्ही पाहिली.

पाणी

इथे थोडं थांबते, कारण बाकी सगळं चुकलं तरी निभावतं, पाण्याचं चुकलं तर नाही.

आमची टाकी पन्नास गॅलनची. लिटरमध्ये सांगायचं तर १९०. दोघांचा रोजचा खर्च आम्ही अठरा लिटरवर आणलाय, त्यामुळे दहा दिवस निघतात. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवतो आणि ते गावातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्रावरून भरतो. आजूबाजूची अमेरिकन मंडळी अठरा लिटर ऐकून डोळे विस्फारतात. मला त्यात काही शौर्य वाटत नाही. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी उन्हाळ्यात दिवसाआड टँकर यायचा तेव्हा अंघोळ, धुणं, भांडी, सगळं मोजूनच होतं. ती सवय हातांना इथे आपोआप आठवते.

अंघोळ बादली-तांब्याने. शॉवरखाली मिनिटाला पाच-सहा लिटर सहज जातात, बादलीत पाच लिटरमध्ये माणूस स्वच्छ होतो. दिवसाआड डोक्यावरून, बाकी दिवशी ओल्या पंच्याने अंग पुसायचं. गरम पाण्याचा नळ सोडला की आधी लिटरभर गार पाणी येतं, ते तांब्यात धरून चहाला. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला. ताट आधी पोळीच्या तुकड्याने, मग कागदाने पुसून घ्यायचं आणि मग फवाऱ्याच्या बाटलीने धुवायचं. कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे एकावर एक, म्हणजे गॅसही वाचतो आणि भांडीही. कपडे गावातल्या लाँड्रीत.

टाकी भरायला अख्खा ट्रेलर हलवायचा नाही. ट्रकच्या मागे घालायची रबरी पिशवी मिळते, आमची पंचेचाळीस गॅलनची आहे. नळावर ती भरून आणायची आणि छोट्या बारा व्होल्टच्या पंपाने पाणी ट्रेलरमध्ये घ्यायचं. सात गॅलनचे कॅन उचलून ओतणारे लोक मी पाहिलेत. भरलेला कॅन २६ किलोचा होतो आणि आपली कंबर पासष्ट वर्षांची असते.

टाकीच्या काट्यावर विसंबू नका. तो ‘एक तृतीयांश’ म्हणतो तेव्हा नक्की किती ते कुणालाच कळत नाही. शीतकपाटाच्या दारावर वही टांगली आहे, तीत भरल्याची तारीख आणि लिटर. ती वही रोज रात्री दोघांनीही वाचायची. कुणा एकाचं ते काम नाही.

सांडपाणी आणि मैला

गाडीखाली दोन टाक्या असतात. ग्रे टाकीत धुण्या-भांड्यांचं पाणी, ब्लॅक टाकीत संडासाचं. ला पोसाच्या माळावर यातलं काहीही जमिनीवर सोडायला मनाई आहे, भांड्यांचं पाणीसुद्धा. बहुतेकांची ग्रे टाकी आधी भरते, म्हणून मोरीत घमेलं ठेवून भांडी धुवायची आणि ते पाणी संडासात ओतायचं. तिथे पाणी लागतंच.

रिकामं करताना हातमोजे घाला आणि ब्लॅक आधी, ग्रे नंतर. म्हणजे मागून येणारं साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. ब्लॅकची झडप कधीही कायम उघडी ठेवू नका, पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी ढिगाऱ्यासारखा साचतो. यापुढचं वर्णन जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी गाळते.

वीज

हिशेब युनिटमध्ये करा, सोपं जातं. बारा व्होल्टचं शीतकपाट दिवसाला साधारण पाऊण युनिट घेतं. हीटरचा पंखा चार तास चालला तर अर्ध्याच्या आसपास. इंटरनेट, फोन, लॅपटॉप, दिवे, पंप आणि नवऱ्याचं झोपेतलं श्वासाचं यंत्र धरून आमचा आकडा पावणेदोन-दोन युनिटांवर येतो.

आमच्या छपरावर ६०० वॉटची सौर पॅनेलं आहेत. पहिल्या डिसेंबरात ती पुरेनात आणि आम्हाला वाटलं, खराब निघाली. खराब नव्हती, सपाट होती. २१ डिसेंबरला इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो, त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. इतक्या तिरप्या उन्हात सपाट पॅनेलला दुपारी बाराला निम्म्याच्या जरा वर शक्ती मिळते. आम्ही ती दक्षिणेकडे पंचेचाळीस-पन्नास अंशांत उचलायची सोय केली आणि दीड युनिटाचं सव्वादोनच्या पुढे गेलं. शिडीवर चढायची भीती वाटत असेल तर जमिनीवर मांडायची पॅनेलं घ्या. वारा सुटला की आडवी करायची, हे दोन्हींना लागू.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या आणि ती घराच्या आतल्या बाजूला बसवा. शून्याखाली तापमान गेलं की ती चार्ज करता येत नाही. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या स्वस्त असतात, पण त्यांची निम्मीच शक्ती वापरायची असते, त्यामुळे स्वस्ताई तिथेच संपते. मिक्सर आणि विजेचा कुकर दुपारी बारा ते दोनमध्ये. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालत नाही, तो सामानात कोंबू नका. ढगाळ दिवसांसाठी छोटा जनरेटर ठेवा. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद.

थंडी आणि गॅस

गाडीतला हीटर प्रोपेनवर चालतो. ३०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजायचं माप) हीटर सलग चालला तर तीन तासांत एक गॅलन गॅस खातो. म्हणजे नऊ किलोचा सिलिंडर सलग चौदा-पंधरा तासांचा. घरी आपला चौदा किलोचा सिलिंडर महिना-दीड महिना जातो, ही सवय डोक्यातून काढा. आम्ही रात्री हीटर १३ अंशांवर ठेवतो आणि सासूबाईंच्या हातच्या दोन गोधड्या घेतो. दोन लुगड्यांच्या थरांत जी ऊब आहे ती हीटरला नाही, हे मी भावनेने नाही, सिलिंडर मोजून सांगते आहे.

पंख्याशिवायचे छोटे प्रोपेन हीटर मिळतात. वीज वाचते म्हणून बरेच जण ते वापरतात. जागे असताना, खिडकी आणि छताची झडप थोडी उघडी ठेवून वापरा. झोपताना बंद करायचे म्हणजे करायचेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा आणि गॅसगळतीचा असे दोन्ही अलार्म असायला हवेत, आणि त्यांच्या पाठीवर मुदत छापलेली असते ती बघा. गॅस जळला की वाफ होते आणि सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. ते रोज पुसलं नाही तर गादीखाली बुरशी धरते.

आता फोडणी. एवढ्याशा जागेत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म लागलीच बोंब मारतो, आणि मिरचीचा ठसका चादरीत आठवडाभर राहतो. काही जण अलार्मची बॅटरीच काढून ठेवतात. तो मूर्खपणा करू नका. फोडणी बाहेर. आडोशाला टेबल, त्यावर दोन बर्नरची शेगडी आणि वाऱ्याला अडवायला पत्रा. आमच्या शेजारचे मिनेसोटाचे आजोबा हिंगाचा वास आला की खुर्ची सरकवत जवळ येतात. तूरडाळ, पोहे, गूळ, काळा मसाला आम्ही नोव्हेंबरात फिनिक्सकडच्या भारतीय दुकानांतून भरून आणतो, तो रस्ता दोन तासांचा. पालेभाजीची मात्र चैन असते. दक्षिणेला ऐंशी मैलांवरचा युमा जिल्हा हिवाळ्यात देशभर पालेभाज्या पुरवतो, आणि तिथला मेजूल खजूर एकदा खाल्ला की दुसरा गोड लागत नाही.

काटे, उंदीर, धूळ

चोया नावाचं निवडुंग नुसतं घासून गेलं तरी त्याचा गोळा अंगाला चिकटतो. हाताने ओढू नका, हातालाही चिकटेल. खिशात जुना कंगवा ठेवा, तो खालून घालून गोळा उडवायचा. वुडरॅट नावाचे उंदीर ट्रकच्या बॉनेटमध्ये घर करून वायरी कुरतडतात. रात्री बॉनेट उघडं ठेवून आत दिव्याची माळ लावली की सहसा येत नाहीत. रात्री ला पोसात शंभर उघडी बॉनेटं आणि त्यांत लुकलुकणाऱ्या माळा दिसतात, ते याच कारणाने. दिवाळी नव्हे.

धुळीचं गंभीरपणे घ्या. अ‍ॅरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे ‘व्हॅली फीव्हर’ हा फुफ्फुसाचा आजार होतो. बहुतेकांना सौम्य होतो, पण वय झालेल्यांना आणि मधुमेह्यांना तो जड जाऊ शकतो, आणि आपल्यात मधुमेह घरोघरी. वावटळीत बाहेर थांबू नका. खोकला-ताप दोन आठवडे हटला नाही तर, विशेषतः परत गेल्यावर, डॉक्टरांना ‘आम्ही अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात होतो’ हे स्वतःहून सांगा. दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरांना ते सुचेलच असं नाही.

आजारपण

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात रात्री एक वाजता नवऱ्याला मूतखड्याची कळ आली. तो जमिनीवर गुडघ्यांवर होता, घामाने भिजलेला. सर्वांत जवळचं सोयीचं इस्पितळ उत्तरेला पस्तीस मैलांवर पार्करला. मी ट्रकची किल्ली घेऊन बाहेर धावले तर ट्रकच्या मागच्या जोडाला जनरेटर साखळीने बांधलेला, चोरी होऊ नये म्हणून. साखळीला आकड्यांचं कुलूप. आकडा फक्त त्याला माहीत, आणि त्या क्षणी त्याला स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. बॅटरीच्या उजेडात मी त्याची जन्मतारीख, माझी जन्मतारीख, लग्नाचं वर्ष, सगळं फिरवून पाहिलं. शेवटी मिनेसोटाच्या आजोबांचं दार ठोठावलं आणि त्यांच्या गाडीतून गेलो. कुलूप उघडायचा आकडा त्याच्या आईच्या गिरगावातल्या खोलीचा होता.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. एक रविवार आड कामं बदलायची. त्या दिवशी तो स्वयंपाक करतो, औषधांचे डबे भरतो, बँकेचे व्यवहार बघतो. मी टाक्या रिकाम्या करते, गॅस बदलते, ट्रेलर जोडून ट्रक अर्धा मैल नेते आणि उलटा घेऊन परत लावते. उलटा घेताना स्टिअरिंगचा खालचा भाग धरायचा, हात जिकडे नेऊ तिकडे ट्रेलरची शेपटी जाते. एवढी एक युक्ती मला कुणी आधी सांगितली असती तर तीन वर्षं मी त्या ट्रकला घाबरले नसते.

शीतकपाटाच्या दारावर वहीशेजारी एक कार्ड आहे. त्यावर आमच्या जागेचे अक्षांश-रेखांश, दोघांची औषधं आणि मात्रा, रक्तगट, मुलीचा फोन आणि हो, कुलुपाचा आकडा. माळाला घरक्रमांक नसतो, ९११ ला फोन केल्यावर ‘मोठ्या निवडुंगापासून डावीकडे’ सांगून चालत नाही. जागा बदलली की कार्ड बदलायचं. वैद्यकीय निर्णयाचे अधिकार एकमेकांना देणारे कागद आणि मृत्युपत्र गाडीतच ठेवा. दातांच्या मोठ्या कामांसाठी बरेच जण युमाजवळून चालत सीमा ओलांडून मेक्सिकोच्या लॉस अल्गोडोनेसला जातात. तिथे जिकडेतिकडे दंतवैद्यांच्या पाट्या आहेत. पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड बरोबर असू द्या, आणि तो खर्च आपल्याच खिशातून हे लक्षात ठेवा.

दिवस कसा जातो

हा प्रश्न फक्त न आलेलेच विचारतात. जानेवारीत दगडांचे बाजार असतात. पहिल्याच वर्षी एका टेबलावर मी हिरवट, काचेसारखा स्फटिक उचलला आणि चिठ्ठीवर वाचलं: जळगाव, इंडिया. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतली ही खनिजं जगभरच्या संग्राहकांत नावाजलेली, हे मला अ‍ॅरिझोनात येऊन कळलं. गावच्या दफनभूमीत पिरॅमिडच्या आकाराचं एक थडगं आहे, वर तांब्याचा उंट. तो हाजी अली, १८५०च्या दशकात अमेरिकी लष्कराने वाळवंटासाठी आणलेल्या उंटांबरोबर आलेला उंटवाला. इथल्या लोकांनी त्याचं ‘हाय जॉली’ करून टाकलं. तो १९०२ साली गेला. संक्रांत नेमकी गर्दीच्या दिवसांत येते, मी दोन किलो तिळाचे लाडू करते आणि ‘गोड बोला’ म्हणजे काय हे दर वर्षी नव्याने समजावते.

अ‍ॅरिझोना घड्याळं मागेपुढे करत नाही, त्यामुळे भारताशी अंतर बारा महिने साडेबारा तासच राहतं. फोन लावायला सोपं. आणि जानेवारीच्या शेवटी रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला बघा. पुण्यात ठळक दिसणारा अगस्ती इथे क्षितिजाच्या जेमतेम साडेतीन अंश वर येतो, डोंगराच्या कडेला लागलेल्या दिव्यासारखा, आणि थोड्या वेळात मावळतो.

निघताना

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच निघा. दुपारचं तापमान तिशीच्या पुढे जायला लागतं आणि परवान्याची मुदत १५ तारखेला संपते. आदल्या दिवशी टाक्या रिकाम्या करा, ताजं पाणी पाव टाकीच ठेवा, टायरची हवा सकाळी थंड असताना बघा. मग यादी हातात घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घाला: पॅनेलं आडवी, छपरी बंद, पायऱ्या आत, जॅक वर, जोडाची पिन आणि साखळ्या, मागचे दिवे. एकाने घातली की दुसऱ्याने उलट्या दिशेने घालायची. गेल्या वर्षी दुसऱ्या फेरीत मला मागच्या बंपरवर ठेवलेला कुकर सापडला.

उत्तरेकडचे पहिले पन्नास मैल मी चालवते.